ठाण्याच्या जरा पुढे

३ डिसेंबर, रविवार. आवळ्याची सुपारी करायला घेतली आहे. टोपलीभर आवळे किसून झाले, किसणीने अंगठ्याचं सालटं काढलं, आल्याचा रस डोळ्यात गेला, आणि नेमका तेव्हाच भाचीचा फोन आला. ती नाशिकला वाढलेली. आता नवऱ्याची इकडे बदली झाली म्हणून घर शोधते आहे. "मावशी, नौपाड्यात झेपणार नाही हे मला कळतं. वर्तकनगरला जुन्या इमारतीतलं चालेल. अगदीच नाही जमलं तर डोंबिवली. पण कल्याण नको गं. आणि तुमचं ते पूर्व तर नकोच." मी विचारलं, "बघितलंयस का कधी नीट?" ती म्हणाली, "त्यात काय बघायचं? स्टेशनवरून दिसतं की." मी तिला रागावले नाही. फोन स्पीकरवर टाकला आणि राहिलेले आवळे किसायला घेतले. स्टेशनवरून दिसतं तेवढ्यावर शहराचा निकाल लावणारी ती काही पहिली नव्हे. आमच्या घरातच अशी माणसं होती.

आम्ही ठाण्यातल्या नौपाड्यातून इथे आलो तेव्हा मी शाळकरी होते. नौपाड्यात आम्हाला एक खोली होती आणि तिच्यात दोन बिऱ्हाडं. मध्ये पडदा, पडद्याच्या अलीकडे आई, बाबा आणि मी, पलीकडे काका-काकू. आई रागावली तरी कुजबुजत रागवायची. मग कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडीच्या अंगाला, भोईरदादांनी आपल्या भाताच्या शेतात तीन मजली इमारत बांधायला काढली आणि बाबांनी तिच्यात पहिल्या मजल्यावर ब्लॉक घेतला. तेव्हा फ्लॅट म्हणायची पद्धत नव्हती, ब्लॉकच म्हणायचे. राहायला आलो त्या दिवशी आईने स्वयंपाकघरात उभं राहून मला इतक्या मोठ्याने हाक मारली की मी घाबरून धावत गेले. काही काम नव्हतं. नुसता आवाज काढून बघत होती.

बाबांना मात्र नव्या पत्त्याची लाज वाटायची. ऑफिसात कुणी विचारलं, हल्ली कुठे राहता, तर ते सांगायचे, "ठाण्याच्या जरा पुढे." या 'जरा'मध्ये मुंब्रा, दिवा, डोंबिवली आणि खाडीचा काठ एवढं सगळं मावायचं. पण दोष एकट्या बाबांचा कसा म्हणू? त्या काळी आमच्या पट्ट्यात माणसांची एक उतरंडच होती. नौपाड्यातल्या माणसाला वर्तकनगर म्हणजे जंगल. वर्तकनगरवाल्यांना डोंबिवली लांब. डोंबिवलीकर कल्याणला नाक मुरडायचे, कल्याण पश्चिमेचे लोक पूर्वेकडे बोट दाखवून नुसतं 'तिकडे' म्हणायचे, आणि आपल्याही खाली कुणीतरी असावं म्हणून आम्ही विठ्ठलवाडीच्या पलीकडे बोट दाखवायचो. नौपाड्याची मालूमावशी आमच्याकडे यायची तेव्हा प्यायचं पाणी बरोबर आणायची आणि निघताना उंबऱ्यात चपला घालत म्हणायची, "शांत आहे हो इथे." आजारी माणसाला भेटून निघताना 'बरे दिसताहात' म्हणतात, अगदी त्याच सुरात.

शांत मुळीच नव्हतं. पहाटे भोईरदादांच्या म्हशी हंबरायच्या, मग पिठाची गिरणी सुरू व्हायची, मग जिन्यात बायकांच्या गप्पा. सगळ्यांची दारं दिवसभर उघडी. एखादं दार लोटलेलं दिसलं तर कुणाला बरं नाही असं समजून शेजारीण आत डोकवायची. रविवारी आई घावन करायची, आणि तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज झाला की समोरच्या, वरच्या, सगळ्या मजल्यांवरून ताटल्या यायच्या. त्या बदल्यात कुणाकडून सुकटीची चटणी, कुणाकडून शेंगदाण्याचं कूट घातलेली काकडी. देशावरची आणि कोकणातली माणसं एका जिन्यात राहायला लागली की जेवणाची चैन होते, एवढं मी तेव्हाच शिकले.

कमी होतं ते पाणी. अंगणातल्या एका नळाला दिवसातून एकदाच यायचं, बहुतेक दुपारी, आणि वरच्या मजल्यांना चढायचं नाही. म्हणून आमच्या इमारतीने एक पद्धत बसवली होती. तळमजल्याच्या जाधवकाकू नळावर कान ठेवून असायच्या. नळाने फुस्स केलं की त्या उलथन्याने पाइप ठोकायच्या. तो पाइप सगळ्यांच्या स्वयंपाकघरांतून वर गेलेला असल्यामुळे ठोका तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचा. मग ज्याच्या हातात जे असेल ते टाकून सगळे जिन्यात साखळीने उभे राहायचे आणि कळश्या, हंडे, बादल्या हातोहात वर जायच्या. भांडणं व्हायची, पण एका बाबतीत कधीच नाही. पहिली घागर ज्या घरी बाळंतीण, आजारी किंवा म्हातारं माणूस असेल त्या घरी जायची. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. आम्ही आलो तेव्हा चालूच होतं.

त्या वर्षी पहिली घागर तिसऱ्या मजल्यावरच्या कल्पनाकाकूकडे जात होती. आदल्या वर्षी तिला कळा सुरू झाल्यावर रिक्षात घालून पश्चिमेला न्यायला निघाले होते. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं, मालगाडी रुळावर उभी ती हलेना. बाळंतपण रिक्षातच झालं आणि बाळ हाती लागलं नाही. आता ती पुन्हा गरोदर होती. हसायची, बोलायची, पण फाटकाची घंटा कानावर आली की तिच्या हातातलं काम थांबायचं. आमच्या अख्ख्या भागात बाळंतपणाचा डॉक्टर नव्हता. आई जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगायची, "कुणीतरी आणायला पाहिजे इथे. नुसतं अरेरे करून काय होणार?"

मालूमावशीच्या शेजारी डॉक्टर मीनल म्हणून एक तरुण बाई होत्या. दुसऱ्यांच्या दवाखान्यात काम करून कंटाळलेल्या, स्वतःचा दवाखाना घालायला जागा शोधत होत्या. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात. आमच्या समोरचा ब्लॉक रिकामा होता आणि त्याची बाहेरची खोली दवाखान्याजोगी होती. आईने मावशीला गाठलं. मावशी म्हणाली, "ती कसली येतेय तिकडे! तिची सासू दारातून परतेल." आई म्हणाली, "दारापर्यंत तर आण. पुढचं मी बघते."

रविवारी येतो असा निरोप आला आणि इमारतीचं लग्नघर झालं. भोईरदादा स्वतः आले आणि त्यांनी सगळ्यांना जिन्यात जमवून हुकूम सोडले. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या शेतावर बांधलेली इमारत शहरातल्या माणसांना आवडावी याची त्यांना फार हौस. "वयनी, पानी चोवीस तास हाय असाच बोलाचा. बाकी कोनी तोंड उघडाचा नाय. आन ही पिंपा दिसली नाय पायजेत."

"पिंपं कुठे नेऊ, डोक्यावर?" आई म्हणाली.

"गच्चीवर न्या. मी कुलूप लावतो."

बाबांना हे पसंत नव्हतं. "डॉक्टरीणबाईंना फसवून आणायचं आणि मग काय?" ते म्हणाले. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "दादा, खोटं बोलायचं तर निदान संध्याकाळपर्यंत टिकेल असं बोला." पण वर कल्पनाकाकू कठड्याला टेकून उभी होती. तिच्याकडे बघून पहिलं पिंप आईनेच उचललं. रविवारी सकाळपर्यंत इमारतीतली सगळी पिंपं, हंडे, कळश्या, बादल्या गच्चीवर कुलपात गेल्या आणि किल्ली भोईरदादांच्या खिशात. दांड्यांवरचे कपडे काढले, जिना पुसला. जाधवकाकू ठेवणीतलं नारायणपेठी नेसून नळापासून लांब बसल्या. एरवी त्या नळापासून लांब बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

पाहुणे आले. डॉक्टर मीनल, त्यांचा नवरा आणि सासूबाई. सासूबाईंनी नाकाला रुमाल लावला होता, म्हशींसाठी असावा. भोईरदादांनी ब्लॉक दाखवला. खिडक्या, मोरी, ओटा, सगळं. डॉक्टर बाहेरच्या खोलीत पावलं टाकून बघत होत्या, टेबल इथे, पडदा इथे असं नवऱ्याला खुणेने सांगत होत्या, आणि दाराआडून आम्ही त्यांच्या हातांकडे बघत होतो. सासूबाईंनी ओट्यावरची तोटी फिरवली. टिपूसही पडला नाही.

"नवीन हाय ना, अजून जोडाची हाय," भोईरदादा म्हणाले. "बाकी पानी चोवीस तास."

मग सगळे चहाला आमच्याकडे आले. आईने घावन आणि नारळाचा रस केला होता. पहिला घावन डॉक्टरांच्या ताटलीत पडला आणि खालून पाइप वाजला. एकदा. मग थांबला. जाधवकाकूंच्या हातून सवयीने एक ठोका पडून गेला असावा आणि मग आठवण झाली असावी. पाणी त्या दिवशी दुपारची वाट न बघता सकाळीच आलं होतं.

इमारत कशी गप्प झाली ते मला अजून ऐकू येतं. जिन्यात एक पाऊल वाजेना. सगळी भांडी वर कुलपात आणि खाली नळ मोकळा वाहतोय. भोईरदादा आढ्याकडे बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "हे काय वाजलं?" आईच्या हातात उलथनं होतं. ते तिने ताटात ठेवलं, गॅस बंद केला, आणि हात पुढे केला. "दादा, गच्चीची किल्ली."

"वयनी..."

"किल्ली द्या. पाणी वाहून चाललंय." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "पाणी दिवसातून एकदाच येतं. कधी येईल सांगता येत नाही, कधी जाईल तेही नाही. आजच्या दिवसापुरतं आम्ही सगळे खोटं बोलणार होतो. तुम्ही घावन खाऊन घ्या, माझी मुलगी वाढेल. मला जायला हवं." आणि ती गेली. मग जिन्यात जो काही दणदणाट झाला! पिंपं गडगडत उतरली, कुणाच्या पायावर कळशी पडली, जाधवकाकूंनी नारायणपेठीचा ओचा खोचला, आणि पुन्हा पाइप असा ठोकला की आमच्या फळीवरचे डबे हलले.

मी उलथनं घेऊन पाहुण्यांसमोर उभी. सासूबाईंनी रुमाल खाली केला आणि माझी उलटतपासणी सुरू केली.

"वीज असते का?"

"जाते. उन्हाळ्यात जास्त."

"साप?"

"पावसाळ्यात निघतात. जाधवकाका धरतात."

"भाजीबाजार?"

"लांब आहे. पण मेथी भोईरदादांच्या मळ्यातली असते, ती तुमच्या नौपाड्याला मिळणार नाही."

डॉक्टर हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. "मग तुम्ही राहता कशाला इथे?"

मी या प्रश्नाचा कधी विचार केला नव्हता. जे तोंडात आलं ते सांगितलं. "नौपाड्याला आम्ही पडद्याच्या अलीकडे राहायचो. इथे आई मोठ्याने बोलते. मला अभ्यासाला खिडकी आहे. आणि इथे कुणी पडलं तर कळतं, दारं उघडी असतात. तिकडे वरच्या आजी गेल्या ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं होतं."

गेली कित्येक वर्षं मी लोकांना घरं दाखवते, तोच माझा व्यवसाय आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, सगळीकडची. त्यामुळे हे ठामपणे सांगू शकते की काही शहरांकडे माणसं बघतच नाहीत, याचं कारण ती वाईट असतात हे नव्हे. तिथे राहणारे लोकच पत्ता सांगताना माफी मागितल्यासारखा सांगतात. काय कमी आहे ते लपवायच्या नादात काय आहे तेही लपवून बसतात. आम्ही त्या सकाळी पिंपं लपवली आणि पिंपांबरोबर साखळीही लपवली होती. मग पाहुण्यांना दिसायला काय राहिलं? चार भिंती आणि एक कोरडी तोटी. तशा भिंती त्यांना कुठेही मिळाल्या असत्या.

डॉक्टर उठल्या. ताटली मोरीत ठेवली, पदर खोचला आणि जिन्यात जाऊन सरळ आमच्या साखळीत, आई आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांच्या मध्ये उभ्या राहिल्या. पहिली घागर त्यांच्या हातात आली. त्या ती आमच्या दाराशी ठेवायला वाकल्या तर आई म्हणाली, "इथे नाही. वर. तिसऱ्या मजल्यावर."

"वरून सुरू करता?"

"नाही. वर कल्पना आहे, तिला सातवा चालू आहे. पहिली घागर तिची."

डॉक्टरांनी आईकडे एकदा बघितलं. मग ती घागर पुढच्या हातात न देता त्या स्वतःच घेऊन जिना चढल्या. मी मागून गेले. कल्पनाकाकू दारात उभी होती, लाजून घागर घ्यायला पुढे झाली, तर डॉक्टरांनी तिला हाताने थोपवलं आणि तिच्या पावलांकडे बघितलं. पावलं सुजली होती. त्यांनी तिला खाटेवर बसवलं, घोट्यावर अंगठा दाबून बघितला, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, डोकं दुखतं का, नजर अंधारते का, असं एकेक विचारलं. मागच्या वेळचं विचारलं तेव्हा कल्पनाकाकूने नुसतं फाटकाच्या दिशेला बोट केलं. पुढचं मीच सांगितलं.

"मीठ बंद कर," डॉक्टर म्हणाल्या. "डाव्या कुशीवर झोपायचं. रक्तदाब मोजायला हवा, रोजच्या रोज." कल्पनाकाकू विचारायला लागली, नौपाड्याला तुमच्याकडे कसं यायचं, कोणत्या वेळी यायचं. डॉक्टरांनी खिडकीतून खाली बघितलं. अंगणात सगळी इमारत भिजली होती. "तू कशाला येतेस तिकडे?" त्या म्हणाल्या. "मीच येते."

आम्ही खाली उतरलो तर पहिल्या मजल्याच्या वळणावर साखळी थांबलेली आणि सासूबाई मधोमध उभ्या. "वळणावर एक माणूस कसा पुरेल?" त्या आमच्या बाबांना झापत होत्या. "अर्धं पाणी जिन्यातच सांडताहात. दोघं उभे राहा, तोंडं समोरासमोर करा. आमच्या गावाला विहिरीवरून असंच आणायचो." बाबा मुकाट्याने समोरासमोर झाले. डॉक्टर त्यांना म्हणाल्या, "आई, मी ही जागा घेते." सासूबाईंनी एक बादली पुढे सारली आणि म्हणाल्या, "घे की. लांब आहे हे मी म्हणणारच. पण माणसं कामाची दिसतात, उभं राहायचं तेवढं शिकवावं लागेल."

भोईरदादा नळाशी बसून होते. आई त्यांच्या समोर ओली किल्ली ठेवून म्हणाली, "टिकलं का तुमचं चोवीस तास?" ते इतके हसले की जाधवकाकूंनी त्यांना नळापासून उठवलं. महिना उलटायच्या आत समोरच्या दारावर पाटी लागली. पुढे कल्पनाकाकूचं दुखायला लागलं ते भर दुपारी, आणि तिला फक्त दोन मजले उतरायचे होते. खाली फाटकाची घंटा वाजत होती, तिकडे कुणाचं लक्षही नव्हतं. मुलगी झाली, तांबडीलाल, भोकाड पसरलेली. त्या दिवशी आईने अख्ख्या इमारतीला घावन घातले. पुढच्या काही वर्षांत आमच्या भागात दातांचे आले, डोळ्यांचे आले, शिकवण्या आल्या, आणि मालूमावशी आपल्या सुनेला घेऊन बाळंतपणासाठी आमच्याकडे राहायला आली. पाणी बरोबर न आणता.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर घेऊन आधी भोईरदादांच्या गोठ्यावर गेले. ते धार काढत होते. मी विचारलं, "दादा, दुसऱ्या मजल्यावर एक ब्लॉक अजून रिकामा आहे ना?"

"हाय. का गो?"

"बघायला कुणी आलं की मला बोलवायचं. मी दाखवणार. तुम्ही यायचं नाही."

"आन पानी इचारला तं?"

"तर सांगणार. कसं येतं, किती येतं, कोण भरतं, सगळं. जमलं तर पाणी येईपर्यंत थांबवून ठेवणार."

त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि सदऱ्याच्या खिशातून त्या ब्लॉकची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी वर गेले, खिडक्या उघडल्या, जमिनीवर पडलेला सिमेंटचा चुरा झाडून काढला. शाळेत पोचले तेव्हा पहिला तास संपत आला होता. बाईंनी उशीर का झाला विचारलं. मी सांगितलं, "घर विकायचं होतं."